विश्लेषण : यवतमाळवर संशोधन करायचे, तर आधी गावात जायचे की ग्रंथालयात?

शेतकरी आत्महत्या, कोलामांचे पोड, बंजारा तांडे, कापसाचे अर्थकारण... यवतमाळइतके अभ्यासक ज्यांच्या वाट्याला आले, असे जिल्हे राज्यात थोडेच. तरीही दरवर्षी नवा विद्यार्थी तीच प्रश्नावली घेऊन त्याच दारात उभा राहतो. त्याला हवे असलेले बरेच काही आधीच लिहून झाले आहे. मात्र ते अमरावती, नागपूर, पुणे, मुंबईच्या ग्रंथालयांत विखुरलेले आहे आणि पुष्कळदा ‘यवतमाळ’ या नावाखाली सापडतच नाही. ते कुठे आणि कसे शोधायचे, याविषयी...

हा प्रश्न आताच का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आराखडा बदलला. ‘संशोधन पद्धती’ हा विषय पहिल्याच वर्षी आला आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पही आला. एरवी संशोधन म्हणजे पीएच.डी. करणाऱ्यांचे काम, असा समज होता. आता समाजशास्त्रात एम.ए. करणाऱ्या प्रत्येकाच्या मानगुटीवर ते बसले आहे. मार्गदर्शक एक, विद्यार्थी अनेक आणि हाती जेमतेम दोन सत्रे. अशा वेळी यवतमाळच्या विद्यार्थ्याला सुचणारा पहिला विषय बहुधा ठरलेला असतो : अमुक तालुक्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांचा समाजशास्त्रीय अभ्यास. पन्नास कुटुंबे, तीस-चाळीस प्रश्न, टक्केवारीचे तक्ते आणि शेवटी सरकारला शिफारशी.

अडचण अशी, की कर्ज किती होते, कोणाचे होते, मदत मिळाली का, त्या दिवशी नेमके काय घडले, हे सगळे त्या घरातल्या बाईला तलाठ्याने, पोलिसांनी, पत्रकारांनी, संस्थांनी आणि आधीच्या अभ्यासकांनी विचारून झालेले असते. प्रत्येक वेळी तिला तो दिवस नव्याने आठवावा लागतो. ती जे सांगणार ते छापील स्वरूपात आधीच उपलब्ध असेल, तर तिला पुन्हा विचारण्याचे कारण काय? संशोधनाच्या नैतिकतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. तिचा पहिला भाग इतका साधा आहे. विचारण्याआधी वाचायचे.

जिल्ह्यावर आधी काय लिहिले गेले आहे?

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या कुटुंबाची १९ मार्च १९८६ ची घटना ही राज्यातली पहिली नोंदली गेलेली शेतकरी आत्महत्या म्हणून सांगितली जाते. पण अभ्यासांची खरी रीघ लागली ती दोन दशकांनंतर. मुंबई उच्च न्यायालयासमोरच्या प्रकरणात टाटा समाजविज्ञान संस्थेने मार्च २००५ मध्ये आपला अहवाल दिला. पाठोपाठ जानेवारी २००६ मध्ये मुंबईच्याच इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्र यांचा राज्य सरकारला सादर झालेला अहवाल आला. याच वर्षी जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होतेच.

यातला मिश्र यांचा अहवाल एम.ए.च्या विद्यार्थ्याने एकदा तरी समोर ठेवून वाचावा, तो निष्कर्षांपेक्षा पद्धतीसाठी. यवतमाळ, वर्धा आणि वाशीम या तीन जिल्ह्यांत त्यांनी केवळ आत्महत्या झालेली घरे पाहिली नाहीत; आत्महत्या न झालेली घरेही तुलनेसाठी घेतली. याचे महत्त्व मोठे आहे. आत्महत्या झालेल्या पन्नासपैकी चाळीस घरांत कर्ज होते, असे समजा कोणी मांडले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कारण शेजारच्या पन्नास घरांतही चाळीस घरे कर्जबाजारी असू शकतात. तुलनेचा गट नसलेला प्रबंध म्हणजे एका पारड्याचा तराजू. दुर्दैवाने असे तराजू कपाटांत बरेच आहेत.

समाजशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत जवळचा अभ्यास मात्र बी. बी. मोहंती यांचा. अमरावती आणि यवतमाळ या दोनच जिल्ह्यांवर बेतलेला त्यांचा दीर्घ लेख २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पीझंट स्टडीज’ या इंग्रजी नियतकालिकात आला. एमिल द्युरकेमची आत्महत्येची मांडणी त्यांनी वऱ्हाडातल्या जात आणि जमीनधारणेला लावून पाहिली. कनिष्ठ व मध्यम जातींतले लहान शेतकरी वाढलेल्या आकांक्षा आणि घटते उत्पन्न यांच्या कात्रीत सापडले, तर वरच्या जातींतल्या मोठ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमागे शेतीबाहेरचे, म्हणजे व्यापार आणि राजकारणातले अपयशही होते, असे त्यांचे म्हणणे. ते पटो वा न पटो, ‘शेतकरी’ हा एकसंध गट नाही हे त्यातून दिसते. या विषयावर प्रबंध लिहायचा आणि हा लेखच पाहायचा नाही, म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न पाहण्यासारखे.

याशिवाय देशपातळीवरच्या आकडेवारीसाठी के. नागराज यांची २००८ ची मांडणी, ए. आर. वासवी यांचे ‘शॅडो स्पेस’ (२०१२), मागे राहिलेल्या स्त्रियांवरचे कोटा नीलिमा यांचे ‘विडोज ऑफ विदर्भ’ (२०१८) आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांचा विदर्भावरचा २०१२ मधला गुणात्मक अभ्यास तर मोबाइलवर फुकट वाचता येतो.

आकडे ग्रंथालयात तपासायचे म्हणजे काय?

ज्या द्युरकेमचे नाव एम.ए.च्या पहिल्या सत्रात पाठ होते, त्याने १८९७ मधले आपले ‘सुइसाइड’ हे पुस्तक एकाही घरी प्रश्नावली न नेता लिहिले. सरकारी नोंदी, वेगवेगळ्या देशांची आकडेवारी आणि भाचा मार्सेल मॉस याने सुमारे २६ हजार प्रकरणांतून काढून दिलेले तक्ते, एवढीच त्याची सामग्री. नंतरच्या अभ्यासकांनी त्याच्यावर टीका केली ती याच जागी : या नोंदी करणाऱ्यांनी आत्महत्या कशाला म्हटले, हे द्युरकेमने पुरेसे तपासले नाही.

तो आक्षेप यवतमाळला जसाच्या तसा लागू पडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अपघाती मृत्यू व आत्महत्यांचा वार्षिक अहवाल पोलिसांच्या नोंदींवर आधारलेला असतो. त्यात राज्यांचे आणि मोठ्या शहरांचे आकडे मिळतात, जिल्ह्याचे नाहीत. म्हणजे ‘एनसीआरबीनुसार यवतमाळमध्ये इतक्या आत्महत्या’ असे वाक्य कुठे दिसले, तर ते आधी तपासून घ्यावे. शिवाय १९९५ पासून चालत आलेली या अहवालातली शेतकऱ्यांची वर्गवारी २०१४ च्या अहवालात बदलली. शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजले जाऊ लागले. त्यामुळे २०१३ आणि २०१४ चे आकडे शेजारी ठेवून ‘घट झाली’ वा ‘वाढ झाली’ म्हणता येत नाही. अहवालांचे जुने खंड ग्रंथालयात उघडून व्याख्येचे पान वाचले, की दहा मिनिटांत हे कळते. केवळ तक्ता उतरवून घेतला, तर कधीच कळत नाही.

जिल्ह्याचा म्हणून जो आकडा वर्तमानपत्रांत येतो, तो महसूल यंत्रणेचा. तिथे प्रकरणे ‘पात्र’, ‘अपात्र’ आणि ‘चौकशीसाठी प्रलंबित’ अशी विभागलेली असतात. एक लाख रुपयांच्या मदतीसाठी जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने निकष ठरवले. नापिकीमुळे बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज फेडता न येणे, वसुलीचा तगादा असणे, अशा गोष्टी त्यात पाहिल्या जातात. आता गावातल्या व्यवहाराकडे पाहा. कृषी केंद्राची उधारी, नातेवाइकाकडून घेतलेले पैसे, परवाना नसलेल्याकडचे व्याजी पैसे, हे या चौकटीत नीट बसत नाही. मक्त्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याकडे दाखवायला सातबारा नसतो. आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर ‘शेतकरी’ म्हणून तिची नोंद कशी व्हायची?

म्हणजे ‘पात्र’ हा प्रशासकीय शब्द आहे, समाजशास्त्रीय नव्हे. तो शासन निर्णय, त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या आणि त्यावरचे अभ्यास एकत्र वाचले, तर विद्यार्थ्याच्या हाती स्वतःचा विषय लागू शकतो : मोजणीतून सुटलेले कोण?

पुस्तके एका ठिकाणी का सापडत नाहीत?

यवतमाळची महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचे ग्रंथालय डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या नावाने ज्ञानस्रोत केंद्र म्हणून ओळखले जाते. ज्यांच्या पदव्यांच्या लांबलचक यादीत समाजशास्त्राची एम.ए.ही होती, त्यांचेच नाव ग्रंथालयाला असावे, हा योग जुळून आला आहे. यवतमाळहून अमरावती एसटीने साधारण ९० किलोमीटर. एका दिवसात जाऊन-येऊन काम करायचे, तर घरून निघण्यापूर्वी तयारी हवी.

बरेच विद्यार्थी थेट ‘समाजशास्त्र’ अशी पाटी असलेल्या कपाटाकडे जातात आणि क्रमिक पुस्तके पाहून परततात. दोष त्यांचा नाही. ग्रंथालयाची मांडणीच विषयांना वेगवेगळ्या खोल्यांत पाठवते. अनेक ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत समाजशास्त्र ३०१ वर असते. पण आत्महत्या हा विषय समाजकल्याणाच्या कपाटात ३६२.२८ वर जातो. शेतीचा पतपुरवठा अर्थशास्त्रात ३३२.७ कडे. कापसाचे पीक थेट शेतीशास्त्रात, ६३३.५१ वर. जाती-जमाती ३०५ च्या आसपास आणि वऱ्हाडाचा इतिहास ९५४ मध्ये. कोलामी ही द्राविडी भाषा असल्याने एम. बी. एमेनो यांचे १९५५ चे कोलामीवरचे पुस्तक भाषांच्या कपाटात ४९४.८ वर शोधावे लागते; तिथे समाजशास्त्राचा विद्यार्थी सहसा फिरकत नाही. काही जुन्या ग्रंथालयांत शियाळी रामामृत रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत भेटते. तिथे आकड्यांऐवजी रोमन अक्षरे असतात आणि समाजशास्त्राचे अक्षर ‘वाय’.

म्हणून आधी संगणकावरची तालिका, म्हणजे ओपॅक उघडावी. शब्द एकच टाकून थांबू नये. ‘शेतकरी आत्महत्या’ने काही आले नाही, तर ‘कृषी पतपुरवठा’, ‘ग्रामीण कर्ज’, ‘कापूस’, ‘विदर्भ’, ‘वऱ्हाड’, हेच शब्द इंग्रजीतूनही टाकून पाहावेत. मराठी पुस्तकांच्या नोंदी कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत केलेल्या असतात. एकाच लेखकाच्या आडनावाची तीन स्पेलिंग आढळतात. पुस्तक सापडले की त्याचा बोधांक टिपून घ्यावा आणि कपाटापाशी गेल्यावर डावी-उजवीकडची पुस्तकेही चाळावीत. तालिकेत न सुचलेला शब्द कपाटात दिसतो, हा मोबाइलवरच्या शोधाला न जमणारा फायदा. आणि देवघेवीच्या टेबलापाशी केवळ ‘सर, पुस्तक मिळेल का’ असे न विचारता ग्रंथपालांना विषय दोन वाक्यांत सांगावा. संदर्भसेवा हे त्यांचे काम आहे. ते मागणारेच कमी असतात.

जुन्या नोंदी ‘यवतमाळ’ नावाने का मिळत नाहीत?

कारण त्या काळी जिल्ह्याचे नावच यवतमाळ नव्हते! इंग्रजी अमदानीत तो ‘वून’, म्हणजे वणी जिल्हा होता. १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव आले. तेही आजच्या स्पेलिंगने नव्हे. ‘वाय, ई, ओ, टी’ अशी सुरुवात असलेले ‘येओतमाळ’ हे रूप इंग्रजी कागदपत्रांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकले. १९०८ चे जिल्हा गॅझेटिअर त्याच नावाने शोधावे लागते.

नावाइतकाच सरकारांचा घोळ. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. तेव्हापासूनची कागदपत्रे ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या मथळ्याखाली आहेत. आल्फ्रेड लायल यांचे १८७० चे गॅझेटिअर त्यातलेच. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले, म्हणून पुढची सामग्री ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’मध्ये. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे १९१६ चे चार खंड याच काळातले. त्यांतली माहिती भरपूर आणि भाषा वसाहतीच्या अधिकाऱ्याची, हे भान ठेवूनच ते वापरायचे. स्वातंत्र्यानंतर १९५० पासून १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता. त्यामुळे १९५१ च्या जनगणनेत यवतमाळ शोधायचे, तर महाराष्ट्राचे नव्हे, मध्य प्रदेशाचे खंड काढावे लागतात. हे ठाऊक नसल्याने ‘१९५१ ची माहिती उपलब्ध नाही’ असे लिहून मोकळे होणे सोपे असते.

जातनिहाय आकड्यांसाठी आजही १९३१ च्या जनगणनेकडे जावे लागते. मध्य प्रांत व वऱ्हाडचा तो बारावा खंड. जातींची नोंद करणारी पुढची जनगणना २०२७ मध्ये होऊ घातली असल्याने त्या जुन्या खंडाला पुन्हा मागणी येईल. २०११ च्या जनगणनेची यवतमाळ जिल्हा पुस्तिका मात्र जनगणना आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर आहे आणि त्यात गावागावाची माहिती मिळते. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. गावात शाळा आहे का, पक्का रस्ता आहे का, हे सरपंचांना विचारण्यात मुलाखतीची पहिली वीस मिनिटे घालवू नयेत, ती याचसाठी.

कोलामांबाबत आणखी एक गाठ आहे. ही आदिम जमात जिल्ह्याच्या सीमेपाशी थांबत नाही. पैनगंगेपलीकडे आदिलाबादेतही तिची वस्ती आहे. तो भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे गोंड-कोलामांवरचे ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचे महत्त्वाचे काम ‘हैदराबाद’ आणि ‘आदिलाबाद’ या शब्दांनी सापडते. पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ग्रंथालयही या विषयासाठी पाहण्यासारखे आहे.

आणि प्रबंध? अमरावती विद्यापीठ स्थापन झाले ते १ मे १९८३ रोजी. त्याआधी यवतमाळची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडे होती. साहजिकच १९८३ पूर्वीचे यवतमाळवरचे प्रबंध नागपुरात शोधायचे. वणीच्या विद्यार्थ्याला तसेही नागपूर अमरावतीपेक्षा जवळ पडते. उमरखेडवाल्याला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ जवळ. तिथे बाहेरचा वाचक म्हणून जाताना महाविद्यालयाचे पत्र आणि ओळखपत्र सोबत ठेवावे आणि आधी फोन करून नियम विचारून घ्यावेत.

पैसे मागणारे लेख कसे वाचायचे?

मोहंती यांचा लेख मोबाइलवर शोधला, तर सारांश दिसतो आणि पुढे पैसे भरा असे सांगणारे पान येते. यवतमाळच्या माणसांवरचा लेख यवतमाळच्याच विद्यार्थ्याला विकत घ्यावा लागावा, यातला विरोधाभास उघड आहे. पण वाट आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० मोठे प्रकाशक आणि सुमारे १३ हजार नियतकालिके, अशी तिची व्याप्ती. मोहंती यांचा लेख छापणारे टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांत आहेत.

मेख अशी, की योजना केंद्र वा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. राज्य विद्यापीठ त्यात येते. खासगी शिक्षण संस्थेच्या अनुदानित महाविद्यालयाचे तसे नाही. यवतमाळच्या विद्यार्थ्यासाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाण्याचे हे सर्वांत रोकडे कारण. तिथल्या नेटवर्कवरून हवे ते लेख उघडतात का, ते पाहावे, उतरवून घ्यावेत. संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला काय वापरता येईल, हेही विचारावे. महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ ही वेगळी योजना आहे. आपले महाविद्यालय तिचे सदस्य आहे का, हे आपल्या ग्रंथपालांना माहीत असते. विद्यार्थ्यांना मात्र बऱ्याचदा नसते.

फुकट मिळणारेही थोडे नाही. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर असतात, देशभरातले पाच लाखांहून अधिक प्रबंध तिथे आहेत आणि त्यांसाठी नाव नोंदवावे लागत नाही. प्रबंधांचे आराखडे ‘शोधगंगोत्री’वर. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, राज्याच्या दर्शनिका विभागाची गॅझेटिअर, मराठी विश्वकोश, हे सगळे हातातल्या फोनवर येते. पण ‘समाज प्रबोधन पत्रिका’ किंवा ‘नवभारत’सारख्या मराठी नियतकालिकांचे जुने बांधीव अंक पाहायचे, तर अजूनही ग्रंथालयाची पायरी चढणे बरे. मराठीतली समाजशास्त्रीय चर्चा इंग्रजी शोधयंत्रांना फारशी दिसत नाही.

प्रबंध विभागात काय पाहायचे, काय टाळायचे?

छापील प्रबंध बहुधा घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचावे लागतात. प्रबंध पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. आधी शेवटची संदर्भसूची, मग परिशिष्टातली प्रश्नावली, मग नमुना निवडीचे प्रकरण. त्यावरून अर्ध्या तासात कळते, की कोणत्या तालुक्यात, कोणत्या वर्षी, कोणाला काय विचारून झाले आहे. एका कागदावर गावे, वर्ष, नमुना आणि प्रश्न असे चार रकाने आखून सात-आठ प्रबंधांची टाचणे त्यात भरली, की कोणता तालुका सुटला आणि कोणता प्रश्न कोणी विचारलाच नाही, हे डोळ्यांसमोर येते.

टाळायचे ते उतरवणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे आणि ६० टक्क्यांपुढे प्रबंधाची नोंदणीच रद्द होते. इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर करून स्वतःच्या नावाने घातले, तर यंत्राला कदाचित कळणार नाही. चोरी ती चोरीच. यंत्र चुकवणे म्हणजे संशोधन, असा समज पसरू लागला आहे, तो या नियमांपेक्षा घातक आहे.

मग गावात जायचेच नाही का?

जायचे, पण वेगळे प्रश्न घेऊन. आधीच्या अभ्यासांचे रकाने भरले की रिकाम्या जागा दिसतात. उदाहरणार्थ, २००६ च्या पॅकेजच्या वेळी जी मुले पाच-सहा वर्षांची होती, ती आता पंचविशीत आहेत. त्यांनी शेती धरली की सोडली, लग्ने कशी जमली, वडिलांच्या मृत्यूनंतर जमिनीचा फेरफार कोणाच्या नावे झाला, आईचे नाव सातबाऱ्यावर किती वर्षांनी लागले? २००५-०६ च्या अहवालांत हे असणे शक्यच नव्हते. त्या अहवालांतली गावे तीच ठेवून आज पाहिले, तर एम.ए.चा छोटा प्रकल्पही काही नवे सांगू शकतो. अशा घरी जाताना संमती घ्यावी, उत्तर न देण्याची मोकळीक आधीच सांगावी, अहवालात नावे-गावे बदलावीत. कोणी अस्वस्थ झाले, तर प्रश्न थांबवावेत आणि ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक हाताशी असू द्यावा.

राहतो एक व्यवहाराचा मुद्दा. शोधगंगेवर पीएच.डी.चे प्रबंध जातात, एम.ए.चे प्रकल्प तिथे जात नाहीत. परीक्षा झाली की त्यांच्या प्रती विभागाच्या कपाटात आणि काही वर्षांनी रद्दीत. पुढच्या तुकडीला त्यांचा पत्ताच नसतो, म्हणून ती पुन्हा त्याच गावात जाते. गुण मिळाल्यावर प्रकल्पाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला देऊन तिला दाखल क्रमांक घालून घेतला आणि तालिकेत तालुक्याच्या नावासह तिची नोंद झाली, तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला ती ओपॅकवर दिसू शकते. यासाठी नव्या शासन निर्णयाची गरज नाही. विभागप्रमुख आणि ग्रंथपाल यांनी एकदा बसून ठरवले तरी पुरते.